झ्यूसचं घराणं: इंडो-युरोपीय की हुर्री?
ग्रीकांचा देवराज झ्यूस. त्याचं नाव ऋग्वेदातल्या आकाशदेव द्यौस्-पित्याशी जुळतं. ग्रीकांचे घोड्यांवरचे जुळे देव डायोस्कुरी तर अश्विनीकुमारांचे भाऊबंदच वाटतात. इथवर इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि ग्रीक या भाषांच्या समान पूर्वजांचा, वारसा पक्का. पण ऋग्वेदात द्यौस् जवळजवळ नावापुरताच, झ्यूसच्या कथेसारखं बाप-लेकांचं गादीवरून भांडण नाही. म्हणून कथानकापुरता माझा कौल ग्रीसच्या पूर्वेला, आजच्या तुर्कस्तानाकडे. तिथल्या हत्तुशा या प्राचीन हित्ती राज्याच्या राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर, हित्ती भाषेत, एक कथा आहे, मूळची शेजारच्या हुर्री लोकांची: कुमार्बी आकाशदेव अनूचं लिंग चावून गिळतो (हो, देवच हे!), आणि त्याच्या पोटात वादळदेव तेशुब वाढतो. ग्रीक कवी हेसिअडकडे झ्यूसचा बाप क्रोनस आपल्या बापाला, म्हणजे आकाशदेवाला, विळ्याने खच्ची करतो, स्वतःची पोरं गिळतो. शेवटी वज्रधारी झ्यूस त्याला हटवतो. पाट्या इसवी सनपूर्व १४व्या-१३व्या शतकांतल्या, हेसिअड ८व्या-७व्या शतकातला.