चर्चची जुनी रजिस्टरं बांधायची असतील तर: परतवाड्यातल्या बाईंडिंगचा अनुभव

परतवाड्यातल्या बाईंडरकडे जुनी रजिस्टरं शिलाईसाठी बिनधास्त द्या. कटिंगला मात्र अजिबात होकार देऊ नका.

सगळा जीव समासात आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पुढे त्या माणसाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न आणि तो फादर झाला तर त्याची दीक्षाही लिहितात. दीक्षा झाली की तसं पत्र बाप्तिस्मा झालेल्या गावच्या चर्चला येतं. १९१७ च्या कॅथलिक चर्च कायद्याप्रमाणे तिथे उपडीकनपदाची, म्हणजे फादर होण्याआधीच्या एका पायरीची, नोंद व्हायची. ते पद १९७३ पासून बंद झालं. त्यामुळे समासातल्या नोंदीवरून काळही ओळखू येतो. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून (फादर होण्याचं शिक्षण देणारी संस्था) सेमिनरी हिल्सला नाव पडलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण वऱ्हाडातल्या कोणत्या खेड्यातला पोरगा फादर झाला, ते खेड्यातल्या कपाटातलं रजिस्टरच सांगतं. कडा सरळ दिसावी म्हणून मशीनवर ३ मिलिमीटर कापले, तर वर्षाचा शेवटचा आकडाच जातो. आधीच सांगून ठेवा: "भाऊ, कटिंग नको, फक्त जुजबंदी." जुज म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, आणि जुजबंदी म्हणजे असे गठ्ठे घडीतून शिवणं.

जुजबंदीत या बाईंडरचा हात खरंच चांगला आहे. प्रत्येक जुज घडीतून सुती दोऱ्याने शिवतो, त्यामुळे रजिस्टर सपाट उघडतं. काठावरून टोचे मारले की आतला अर्धा इंच मजकूर शिलाईत दबतो आणि वाचायला ताणलं की कागद तिथेच फाटतो. सेमिनरीतून आलेल्या जुन्या लॅटिन पुस्तकांनाही हीच शिलाई मागा.

खळीबाबत जरा भांडावं लागतं. कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद टाकायची सवय आहे. किडे मरतात, पण तांब्यामुळे कागद वर्षागणिक तपकिरी होऊन तुटतो. साधा गव्हाचा स्टार्च १ भाग, पाणी ५ भाग, मंद आचेवर सतत ढवळून शिजवलेली खळ मागा. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करायला सांगा. खळ लावण्याआधी एखाद्या अक्षराच्या टोकावर पाण्याचा थेंब ठेवून टिपकागदाने टिपा. टिपकागदावर शाई उतरली तर त्या पानाला ओलं काही लावू देऊ नका. फाटलेल्या पानासाठी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) स्वतः मागवून द्या. दुकानात चिकटपट्टीच मिळते आणि तिचा डाग जात नाही.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या. पावसाळ्यात खळ वाळत नाही, बुरशी धरते. मे महिन्यात ती इतक्या झपाट्याने वाळते की पुठ्ठा वाकतो.

देण्याआधी पाननपान मोबाइलवर टिपून ठेवा. नोंदी खासगी आहेत, त्यामुळे शिलाई होईपर्यंत चर्चचं कोणीतरी तिथे बसलेलं असावं. बांधल्यावर रजिस्टर आडवं ठेवा, कपाटाचे पाय भिंतीपासून वीतभर लांब हवेत, नाहीतर उधई (वाळवी) भिंतीवाटे थेट पुठ्ठ्यात शिरते.