पहिली डर्ट बाइक: ट्रेल, मोटोक्रॉस, टू-स्ट्रोक एन्ड्युरो की ड्युअल-स्पोर्ट?

होंडाच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघा: सीआरएफ२५०एफ आणि सीआरएफ२५०आर. दोन्ही लाल, दोन्ही २४९ सीसी, दोन्ही फोर-स्ट्रोक (रोजच्या मोटरसायकलसारखं इंजिन). नावात फरक काय तो शेवटच्या अक्षराचा. पण पहिली जंगलवाटांवर निवांत फिरण्यासाठी बांधली आहे आणि दुसरी मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर उड्या घेत शर्यत जिंकण्यासाठी. "आपल्याला अडीचशे घ्यायची" एवढंच ठरवून निघालेला नवा माणूस यातली कुठलीही घरी आणू शकतो. चुकीची आणली, तर शिकण्याचे पहिले महिने गाडीशी झटापट करण्यातच जातात.

म्हणून सीसीचा आकडा सुरुवातीला बाजूला ठेवा. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या जंगल-डोंगरवाटेवर, नवखा रायडर बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चालण्याच्या किंवा धावण्याच्या वेगात असतो. तो पडतो तोही वेगात नाही, जवळजवळ थांबलेला असताना पडतो: चढावर गाडी बंद पडली, पाय टेकायला गेला आणि पायाखाली जमीनच नव्हती. त्यामुळे पहिल्या गाडीला दोनच प्रश्न विचारावेत असं माझं ठाम मत आहे. थांबल्यावर पाय टेकतो का? आणि अगदी थोडी रेस दिली की ती कशी वागते? पुढची सगळी तुलना या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

एअर-कूल्ड ट्रेल बाइक

या गटात पूर्ण आकाराच्या तीन गाड्यांचा विचार प्रामुख्याने करावा: होंडा सीआरएफ२५०एफ, यामाहा टीटी-आर२३० आणि कावासाकी केएलएक्स२३०आर. तिन्हींना बटन स्टार्ट आहे. तिन्हींची इंजिनं हवेवर थंड होतात, म्हणजे रेडिएटर नाही, कूलंट नाही, पडल्यावर फुटणारे पाइप नाहीत. इंजिनाचा स्वभावही सारखाच. खालच्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) ती शांतपणे ओढतात, क्लच थोडा चुकीचा सुटला तरी लगेच बंद पडत नाहीत आणि मनगट दचकून फिरलं तरी गाडी हातातून निसटून पुढे पळत नाही. नवशिक्याचं मनगट दचकतंच. दगडावर चाक आदळलं की शरीर मागे जातं, हात हँडल ओढतो आणि रेस आपोआप वाढते. अशा वेळी माफ करणारं इंजिन हवं.

आता या तिघींतले फरक. टीटी-आर२३० सगळ्यात जुन्या वळणाची: २२३ सीसी, कार्ब्युरेटर, मागे ड्रम ब्रेक, सहा गिअर. वजन साधारण ११४ किलो आणि सीटची उंची ८७० मि.मी. सीआरएफ२५०एफ २०१९ मध्ये सीआरएफ२३०एफच्या जागी आली. तिला फ्युएल इंजेक्शन, दोन्ही चाकांना डिस्क, पाच गिअर आहेत. वजन साधारण १२० किलो, सीट ८८५ मि.मी.च्या आसपास. केएलएक्स२३०आर २०२० मध्ये आली: २३३ सीसी, इंजेक्शन, सहा गिअर, ११५ किलो. सीट मात्र साधारण ९२० मि.मी. उंच, कारण सस्पेन्शनला वर-खाली होण्याची जागा जास्त दिली आहे. त्याचा फायदा खडकाळ वाटेवर जाणवतो आणि तोटा थांबताना. कमी उंचीची हवी असेल तर कावासाकीने हिचं खालच्या सीटचं 'एस' मॉडेलही काढलं.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, यावर लोक फार अडून बसतात. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तुंबतात आणि पुढची सकाळ ते साफ करण्यात जाते. उंच डोंगरावर गेल्यावर हवा विरळ होते, त्याचा हिशेब इंजेक्शन स्वतः ठेवतं, कार्ब्युरेटरचे जेट मात्र बदलावे लागू शकतात. उलट कार्ब्युरेटर साध्या हत्यारांनी उघडून स्वच्छ करता येतो. गाडी नियमित चालवणार असाल, तर एवढ्या एका मुद्द्यावर निवड करू नका.

या गटाची मर्यादाही सांगायला हवी. सस्पेन्शन मऊ असतं. तुम्ही वेग वाढवायला लागलात, उड्या मारायला लागलात, की ते तळाला आपटायला लागतं. वजनदार रायडरला हे लवकर जाणवतं, पण पुढच्या-मागच्या स्प्रिंग आपल्या वजनाप्रमाणे बदलून घेता येतात आणि त्या एका बदलाने गाडी खूप सुधारते. "दोन वर्षांत अपुरी पडेल, मग आताच मोठी घेऊ" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. दोन वर्षांनी अपुरी पडली याचा अर्थ तिने तुम्हाला शिकवलं, आणि अशा गाडीला पुढचा नवशिका सापडतोच.

उंची कमी असेल तर

पूर्ण आकाराची गाडी घेण्याचा हट्ट इथे सोडून द्यावा. कावासाकीची केएलएक्स१४०आर तीन आकारांत मिळते. साध्या मॉडेलला १७ आणि १४ इंचांची चाकं, 'एल'ला १९ आणि १६, 'एफ'ला पूर्ण आकाराची २१ आणि १८. इंजिन तिन्हींत तेच, १४४ सीसीचं, सीट मात्र साधारण ७८० मि.मी.पासून ८६० मि.मी.पर्यंत. होंडाची सीआरएफ१२५एफ आणि तिचं मोठ्या चाकांचं मॉडेल, यामाहाची टीटी-आर१२५एलई याही याच पंगतीतल्या. या "मुलांच्या गाड्या" नाहीत. मध्यम किंवा हलक्या वजनाचा मोठा माणूस यांच्यावर क्लच, तोल आणि उभं राहून चालवणं उत्तम शिकतो.

लहान चाकांचा तोटा दगडांत कळतो. २१ इंचाचं पुढचं चाक ज्या दगडावरून सहज पुढे जातं, तिथे १७ इंचाचं चाक अडतं. म्हणून पाय टेकण्याला धक्का न लावता जेवढी मोठी चाकं मिळतील तेवढी घ्या. दोन्ही तळवे पूर्ण टेकायची गरज नाही. दोन्ही पायांचे चवडे टेकले, किंवा एक पाय नीट टेकला आणि गाडी तोलता आली, तरी पुरे. दुकानात हे बघताना डर्टचे बूट घालून, गाडीवर पूर्ण वजन टाकून बसा. सस्पेन्शन दबल्यावरची उंचीच खरी.

मोटोक्रॉस गाडी

आता ती दुसरी लाल गाडी. सीआरएफ२५०आरचं वजन साधारण १०४ किलो, म्हणजे सीआरएफ२५०एफपेक्षा सुमारे १५ किलो कमी. हा आकडा पाहून अनेकांना वाटतं की हीच सोपी. पण सीट साधारण ९६० मि.मी. उंच आहे आणि त्या उंचीवर हलकेपणाचा उपयोग तोल सावरायला होत नाही. इंजिन वरच्या आरपीएमवर जिवंत होतं. फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवणारं जड चाक) हलकं असल्याने ते झटकन फिरतं आणि तितकंच झटकन बंद पडतं. पहिला गिअर शर्यतीच्या सुरुवातीसाठी लांब ठेवलेला असतो, त्यामुळे चढावर रांगत जायचं तर क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागतो. क्लच तापतो, इंजिन तापतं, पंखा नसलेल्या रेडिएटरमधलं कूलंट उकळून बाहेर येतं. सस्पेन्शन मोठ्या उडीनंतरचा आघात झेलण्यासाठी कडक केलेलं असतं. हळू चालवताना तेच सस्पेन्शन प्रत्येक दगडावरून पुढचं चाक बाजूला फेकतं. मागचं चाकही १९ इंचाचं असतं. ट्रेलच्या १८ इंची चाकावर टायरची भिंत उंच असते, ती धक्का खाते आणि ट्यूब चिमटून पंक्चर होण्याचा धोका कमी करते.

देखभालीचा फरक तर याहून मोठा. या गाड्यांचं वेळापत्रक तासांत मोजतात, आणि त्यात ऑइलच नाही, पिस्टनही येतो. ट्रेल बाइकला ऑइल वेळेवर बदललं, एअर फिल्टर स्वच्छ ठेवला, व्हॉल्व्ह तपासले की ती वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. घराजवळ मोटोक्रॉस ट्रॅक असेल आणि तुम्हाला उड्याच शिकायच्या असतील, तर गोष्ट वेगळी. ट्रेलसाठी पहिली गाडी म्हणून मी ही कुणालाही सुचवणार नाही, फुकट मिळाली तरी.

टू-स्ट्रोक

इथे आकडे पुन्हा फसवतात. सीआरएफ१२५एफ नवशिक्याची गाडी आहे, म्हणून यामाहाची वायझेड१२५ही तशीच असेल असं समजू नका. वायझेड१२५ ही शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी आहे, म्हणजे तिचं इंजिन फोर-स्ट्रोकसारखं दर दोन फेऱ्यांना नाही, दर फेरीला ताकदीचा धक्का देतं. बटन नाही, फक्त किक. वजन ९५ किलोच्या आसपास, पण सीट ९७० मि.मी.च्या पुढे. ताकद एका अरुंद पट्ट्यात साठलेली: त्या पट्ट्याच्या खाली गाडी मरगळलेली, वर गेली की सुसाट. ती तिथे ठेवायला क्लच आणि गिअर सतत खेळवावे लागतात. नव्या माणसाचं लक्ष वाटेवर हवं, ते तिथे राहत नाही.

म्हणून टू-स्ट्रोकच हवी असेल, तर उलटं वाटेल पण मोठ्या सीसीची एन्ड्युरो (लांब, अवघड वाटांच्या शर्यतीसाठी बांधलेली गाडी) बघा. केटीएम ३०० एक्ससी-डब्ल्यूसारख्या गाड्या खालच्या आरपीएमवर आश्चर्य वाटावं इतक्या सौम्यपणे ओढतात. गिअरची विभागणी ट्रेलसाठी केलेली, बटन स्टार्ट, मागे १८ इंची चाक, वजन पेट्रोलशिवाय शंभर किलोच्या थोडंच वर. चिखलात पडली तर उचलायला ट्रेल बाइकपेक्षा सोपी. डोंगरवाटांचे मुरलेले रायडर अशाच गाडीवर का येतात, ते एकदा चालवून बघितलं की पटतं.

तरी ही कुणासाठी, ते नीट बघा. तुमची उंची चांगली असेल, रस्त्यावर मोटरसायकल किंवा डोंगरात सायकल चालवण्याचा हात बसलेला असेल आणि सोबत जाणकार माणूस असेल, तर विचार करा. रेस पूर्ण उघडली तर मागचं चाक जमीन सोडून देईल एवढी ताकद तिच्यात आहे, आणि पहिल्या महिन्यात चूक रेसच्या हाताकडूनच होते. उतारावर फोर-स्ट्रोक इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, टू-स्ट्रोक फारसं धरत नाही, सगळी भिस्त ब्रेकवर येते. बऱ्याच मॉडेलना पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावं लागतं. तेलाचं वंगण पेट्रोलसोबतच जातं, म्हणून लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवून उतरताना मधूनमधून थोडी उघडायची सवय लावावी लागते.

ड्युअल-स्पोर्ट

वर सांगितलेल्या बहुतेक गाड्यांना दिवे, आरसे, नंबर प्लेट नसते. त्या ट्रेलपर्यंत ट्रॉलीवर किंवा पिकअपमध्ये न्याव्या लागतात. ती सोय नसेल, तर बाकीची चर्चा निरर्थक आहे आणि ड्युअल-स्पोर्टच घ्यावी, म्हणजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालणारी, दिवे-आरसे-नंबर प्लेट असलेली गाडी. होंडा सीआरएफ३००एल हे चांगलं उदाहरण: २८६ सीसी, लिक्विड-कूल्ड, सीट ८८० मि.मी., वजन १४० किलोच्या आसपास. हे जास्तीचे वीस किलो डांबरी रस्त्यावर जाणवत नाहीत. निसरड्या चढावर तिसऱ्यांदा पडलेली गाडी उचलताना मात्र खांदे भरून येतात. मातीचा रुंद रस्ता, शेतवाट, सोपी जंगलवाट यांसाठी ती उत्तम. अरुंद, खडकाळ वाट हेच ध्येय असेल, तर ती शिकणं लांबवते. घेतल्यावर पहिला खर्च टायरवर करा, कारण मूळ टायर अर्धे रस्त्याचे असतात. कच्च्या वाटेवर मागचं एबीएस बंद करायची सोय या गाडीला आहे, ती वापरा.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात. सर-रॉन लाइट बीसारखी गाडी ५५ किलोच्या आसपास असते, क्लच नाही, गिअर नाही, आवाज जवळपास नाही. तोल आणि वाट वाचणं शिकायला सुंदर. बॅटरी संपली की दिवस संपला, आणि क्लचचा हात शिकायचा राहून जातो.

एवढं सांगून झाल्यावर माझं मत: उंची आणि वजन सरासरी असेल, गाडी वाहून न्यायची सोय असेल, तर सीआरएफ२५०एफ किंवा टीटी-आर२३०. उंच असाल आणि वाटा खडकाळ असतील, तर केएलएक्स२३०आर. उंची कमी असेल तर केएलएक्स१४०आर एल किंवा एफ. आणि पैशांची ओढाताण असेल, तर नव्या मोठ्या गाडीपेक्षा जुनी ट्रेल बाइक घ्या, उरलेल्यातून डर्टचे बूट, हेल्मेट, गॉगल आणि गुडघ्याची गार्ड घ्या. घोट्याचं हाड बूट वाचवतो, गाडीचं मॉडेल नाही.

जुनी घेताना एअर फिल्टरचं झाकण आधी उघडा. तिथे माती दिसली, तर इंजिनानेही माती खाल्ली आहे असं धरून चाला. चेन ज्यावर फिरते त्या स्प्रॉकेटचे (दातेरी चाकांचे) दात शार्कच्या दातांसारखे वाकलेत का ते बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्ये अडखळलं तर बेअरिंग गेलेले आहेत. मागचं चाक धरून वर-खाली हलवा, खटखट आली तर लिंकेज (मागच्या सस्पेन्शनचे सांधे) झिजलं आहे. आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल, तर ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, मगच स्टार्टर दाबा.