‘मर्लिन’चे पाचही सीझन संपवल्यानंतर

बीबीसीची ‘मर्लिन’ ही मालिका अनेक महिने सवडीने पाहत अखेर पूर्ण केली. २००८ ते २०१२ या काळात प्रसारित झालेले ५ सीझन, प्रत्येकी १३ भाग, म्हणजे एकूण ६५ भागांचा हा ऐवज सलग पाहण्याजोगा नाही, कारण सुरुवातीच्या बहुतेक भागांचा साचा एकच आहे: कॅमेलॉट राज्याच्या दरबारात कुणी पाहुणा येतो, जादूने घातपात करू पाहतो, जादूगार मर्लिन तो गुपचूप उधळतो आणि शाबासकी राजपुत्र आर्थरला मिळते. अधूनमधून एखादा भाग पाहिला, तर हाच साचा हवाहवासा वाटतो. (पुढे शेवटाचा उल्लेख आहे.)

दंतकथांमधला पांढऱ्या दाढीचा जादूगार येथे राजपुत्राची चिलखते घासणारा तरुण नोकर आहे, आणि राजा उथरने जादूला देहदंडाची शिक्षा ठेवलेली असल्यामुळे त्याला आपली शक्ती लपवावी लागते. मालिकेतील सारी गंमत या लपवाछपवीतून येते. कोलिन मॉर्गन (मर्लिन) आणि ब्रॅडली जेम्स (आर्थर) यांची एकमेकांना टोमणे मारण्याची लय इतकी जमून आली आहे, की कथानक पातळ असलेले भागही निभावून जातात. संमोहित उथर एका ट्रोल स्त्रीशी लग्न करतो, ती जोडकथा तर निव्वळ धुडगूस आहे. अँथनी हेड यांच्यासारखा भारदस्त नट उथरच्या भूमिकेत असल्यामुळेच ती हास्यास्पद न होता हास्यकारक होते. बाह्यचित्रणातील किल्ला फ्रान्समधील पिएरफाँचा आहे; तो खरा असल्यामुळे संगणकावर बनवलेला ड्रॅगन मात्र अधिकच खोटा वाटतो. त्याची उणीव जॉन हर्ट यांचा आवाज भरून काढतो.

माझी खरी तक्रार उथरच्या आश्रयाला वाढलेल्या मॉर्गानाबद्दल आहे. दुसऱ्या सीझनमध्ये स्वतःच्याच शक्तीला घाबरणारी, कुणाजवळ बोलू न शकणारी ही तरुणी मालिकेतील सर्वांत गुंतागुंतीची व्यक्तिरेखा होती. मर्लिनला तिचे दुःख नेमके ठाऊक असूनही तो गप्प राहतो आणि पुढे तिला विषही देतो. तिसरा सीझन वर्षभरानंतर सुरू होतो आणि ती थेट कुत्सित हसणारी खलनायिका होऊन परतते. ज्या वर्षात ती बदलली, ते वर्ष प्रेक्षकाला दिसतच नाही.

चौथ्या सीझनपासून सूर गडद होतो आणि लेखनही सुधारते. पाचव्या सीझनमध्ये आर्थरचा तरुण सरदार मॉर्ड्रेड मृत्युशय्येवर असतो आणि जादू स्वीकारली तरच तो वाचेल असे दिसते, तेव्हा आता राजा झालेला आर्थर मर्लिनलाच विचारतो, की जादूला राज्यात स्थान द्यावे का. मॉर्ड्रेडच्या हातून आर्थरचा मृत्यू होणार, हे भाकीत मर्लिनला ठाऊक आहे. तो मनावर दगड ठेवून नकार देतो आणि नेमका त्या नकारामुळेच मॉर्ड्रेड वाचतो. इतकी वर्षे विनोदाचा आधार असलेले गुपित या प्रसंगात सापळा होते. माझ्या मते हा मालिकेचा सर्वोच्च क्षण आहे, शेवटच्या भागापेक्षाही वरचा.

शेवटच्या भागात जखमी आर्थरला मर्लिन जादूगार असल्याचे सत्य कळते. त्याचा संताप, अबोला आणि सावकाश येणारी समजूत यांना लेखकांनी पुरेसा वेळ दिला आहे, आणि ‘धन्यवाद’ हा त्याचा साधा शब्द डोळ्यांत पाणी आणतो. तरीही ज्या आर्थरला सत्य ठाऊक आहे, त्याच्यासोबत मर्लिनचा एक सीझन तरी पाहायला मिळायला हवा होता. पहिल्या भागापासून ड्रॅगन ज्या सुवर्णयुगाचे भाकीत करत होता, त्याच्या वाट्याला सिंहासनावर बसलेल्या आर्थरच्या राणीचे, ग्वेनचे, एक दृश्य येते, आणि ज्या बंदीमुळे ही सगळी कथा घडली ती उठल्याचे पडद्यावर कुठेही दिसत नाही.