भाजल्यावर चांदीचं क्रीम की चांदीची पट्टी?

आईच्या हातावर आमटीचं पातेलं कलंडलं तेव्हा धायरीतल्या मेडिकलवाल्याने लगेच पांढरं क्रीम हातात दिलं, सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का, १९६८ पासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि कुठेही मिळतं. पण ते रोज पुसून परत लावायचं, आणि तिसऱ्या दिवशी जखमेवर पिवळट चिकट थर बसला, तो पू आहे की औषध हेच कळेना, पुसताना आई दात आवळून बसायची, बघवत नव्हतं. शिवाय यात सल्फा (एक प्रकारचं अँटिबायोटिक) आहे, म्हणजे सल्फाची ॲलर्जी असेल, दिवस भरत आलेली गरोदर बाई असेल किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नकोच. मोठ्या भाजण्यात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, डॉक्टर रक्त तपासतात ते त्यासाठीच.

नॅनो सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेली पट्टी महाग, पण तीन ते सात दिवस हलवायची नाही, त्यामुळे वेदना खूप कमी. फक्त ती स्टराइल (निर्जंतुक) पाण्याने भिजवायची, सलाईनने नाही, कारण मिठातलं क्लोराईड चांदीला बांधून टाकतं. पट्टी लावलेली असताना एमआरआय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

आणि एक धोका दोन्हीकडे सारखाच बरं का, चांदी जंतू मारते तशी नवीन कातडीच्या पेशींनाही त्रास देते. जखम स्वच्छ असेल तर चांदी लागतच नाही, लावलीच तर दोन आठवड्यांनी डॉक्टरांना विचारा, अजून गरज आहे का. आईला मी पट्टीच घेतली.