टर्मिनल-अर्थ की सर्ज प्रोटेक्टर, आधी पैसे कशात घालायचे?

हर्णैच्या लिलावातून मासळी उचलणारा पिकअप आहे आमचा, म्हणजे बर्फाचं खारं पाणी चेसिसवर रोज गळणार आणि वर समुद्राचा वारा. गेल्या वर्षी इंजिन चालू असताना बॅटरीचं गंजलेलं टर्मिनल निसटलं, हेडलाईट भक्कन पेटून गेले आणि मीटर जळाला तो जळालाच. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जोरात चार्जिंग करत असताना बॅटरी सुटली की त्याच्या फिल्ड कॉइलमधलं मॅग्नेटिझम लगेच उतरत नाही, त्यामुळे १२ व्होल्टच्या लाईनवर अर्ध्या सेकंदाच्या आत १०० व्होल्टपर्यंत झटका येऊ शकतो, याला लोड डंप म्हणतात.

आता असा झटका अडवणारा टीव्हीएस डायोडवाला सर्ज प्रोटेक्टर. चीज चांगली आहे, झटका आला की नॅनोसेकंदात तो स्वतःकडे ओढून घेते. पण घ्यायचा तर २४ व्होल्ट रेटिंगचा आणि लोड डंपसाठी बनवलेला मोठा घ्या, छोटा डायोड एवढी एनर्जी पचवत नाही, पहिल्याच झटक्यात जातो. आणि रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडून लाईन सतत १७-१८ व्होल्टवर असेल तर हा २४ वाला हलतच नाही, तिथे रेग्युलेटरच बदलायला लागतो. बऱ्याच नवीन गाड्यांच्या अल्टरनेटरमध्ये झटका ३५ व्होल्टच्या आसपास दाबणारे डायोड आधीच असतात, म्हणून प्रोटेक्टरचा खरा फायदा जुन्या गाडीला. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचे ते दिवेवाले स्टॅबिलायझर मात्र अजिबात घेऊ नका.

टर्मिनल आणि अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) हे काम दिसायला फालतू वाटतं पण आपल्या किनाऱ्यावर झटक्याचं मूळ तिथेच आहे हो! आधी निगेटिव्ह काढा, पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करून घट्ट आवळा, निगेटिव्ह शेवटी लावा, वरून पेट्रोलियम जेली. मग सेल मारताना बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉकमध्ये मल्टीमीटर धरा, अर्धा व्होल्टच्या वर दाखवला तर पट्टी बदलाच, गंज आतून खातो, बाहेरून कळत नाही. इंजिन चालू करून बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या आसपास आलं की चार्जिंग ठीक, रेस केल्यावर १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा.

मासळीची, रेतीची किंवा खाडीकाठी उभी राहणारी गाडी असेल तर पावसाच्या आधी टर्मिनल आणि पट्टीवरच पैसे घाला, जुनी असेल तर त्यानंतर प्रोटेक्टर. आणि चार्जिंग होतंय का बघायला चालू इंजिनवर टर्मिनल काढून दाखवणारा वायरमन भेटला तर हात धरून थांबवा त्याला.