आठ महिने 'आउट ऑफ आफ्रिका' ऐकल्यावर

दिवाळीत जरा बरे हेडफोन घेतले आणि पहिल्यांदा लावलं ते 'आउट ऑफ आफ्रिका'चं संगीत. पिक्चर १९८५चा, संगीतकार जॉन बॅरी, ऑस्करही मिळालेलं. पहिल्या आठवड्यात निराशाच झाली. एकच संथ चाल, फिरून फिरून तीच. बायकोनं विचारलं, "अहो, अडकलंय का ते?"

तरी सातपूरला जाता-येता गाडीत लावत राहिलो. ती चूकच. त्र्यंबक रोडच्या ट्रॅफिकमध्ये वरची व्हायोलिनं तेवढी कानावर येतात, चेलो (खर्जातलं मोठं व्हायोलिन) आणि हॉर्न (गाडीचा नव्हे, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) टायरच्या आवाजात बुडतात. आणि गंमत सगळी तिथेच! व्हायोलिनांचा सूर लांबला की त्या मोकळ्या जागेत खालून हॉर्न उत्तर देतात. हे कळायला मला फेब्रुवारी उजाडला, तेही रात्री, आवाज अगदी बारीक ठेवल्यावर. मैफलीत गवयाकडून लक्ष सुटून पेटीवाल्याकडे जावं तसं झालं. तेव्हापासून चाल तीच असली तरी कंटाळा गेला.

विमानाच्या प्रसंगाचा तुकडा सगळ्यात जास्त ऐकला. पडद्यावर पिवळं जिप्सी मॉथ, खाली रोहित पक्ष्यांचे थवे, मेरिल स्ट्रीप न बोलता हात मागे करते. जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो तेव्हा मुद्दाम हाच तुकडा लावला. दोन मिनिटांत हेडफोन काढले. खरे पक्षी भयंकर गोंगाट करतात, त्यांना व्हायोलिनं लागत नाहीत.

अल्बममध्ये मोत्झार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा (क्लॅरिनेट पुढे, बाकी वाद्यवृंद साथीला) संथ भागही आहे. १७९१चा, म्हणजे त्याच्या शेवटच्या वर्षातला. आपल्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की वरातीचा बँड आठवतो; तेच वाद्य इतकं हळू बोलू शकतं, हे पचायला मला वेळ लागला. पिक्चरमध्ये ग्रामोफोनवर मोत्झार्ट लावून माकडांना ऐकवतात, तो प्रसंग आता जास्तच आवडतो.

तक्रार एकच. शेवटाकडे एक गायलेलं गाणं घातलंय, 'द म्युझिक ऑफ गुडबाय'. गाणारे चांगलेच आहेत, पण तोवर जमलेली शांतता त्याने मोडते. मी ते दर वेळी पुढे ढकलतो.

घ्यायचं असेल तर गाडीसाठी, पार्टीसाठी घेऊ नका. रात्री साडेदहानंतर, पंखा बंद करून ऐका. आणि ॲपवर ऐकत असाल तर पुढचं गाणं आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करा. मी विसरलो होतो. शेवटचा सूर विरतोय न विरतोय, तोच कानात ढोल आदळला.