वडिलांसाठीचा शास्त्रवर्ग : सोलापुरातील एक अनुभव

धाकटीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, मुलीला ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याचे दिलेले वचन घरी कसे पाळावे, हे उमगत नव्हते, म्हणून मी सोलापुरातील आमच्या मंडळीच्या, खास वडिलांसाठीच्या शनिवारच्या शास्त्रवर्गाला (बायबल अभ्यासाच्या वर्गाला) जाऊ लागलो. बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्र 6:4 (अध्याय 6, ओवी 4) मधील, मुलांना चिडीस न आणता प्रभूच्या शिस्तीत वाढवण्याची आज्ञा बापांनाच उद्देशून आहे, हे पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) इतक्या आस्थेने उलगडले, की मुलांचा धर्मबोध केवळ पत्नीवर सोपवल्याची मला खंत वाटली. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील 6:7 ही ओवी वाटेने चालतानाही देवाच्या वचनाविषयी मुलांशी बोलायला सांगते. आता थोरल्याला शाळेत सोडताना आम्ही येशूच्या एखाद्या दाखल्याविषयी (बोधकथेविषयी) बोलतो. वर्गाची वेळ मात्र यंत्रमागावर दुसऱ्या पाळीत असणाऱ्या बापांना सोयीची नाही, ती बदलायलाच हवी. टिपणे मिळत नाहीत, वही न्यावी.